रक्तवाले काका

भोईरकाका मोठ्या माणसांशी बिनदिक्कत खोटं बोलत. दवाखान्यात साहेबांनी उशीर का झाला म्हणून विचारलं, की "टायर पंक्चर झाला, साहेब" हे उत्तर तयार असे. एका पावसाळ्यात गाडीचा टायर इतक्या वेळा पंक्चर झाला, की साहेबांनी विचारणंच सोडून दिलं. पण तीन वर्षांच्या पोराशी खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. पोराचं बोट हातात घेऊन, त्याच्या डोळ्यांत बघून ते सांगत, "दुखणार हाय हां. लाल मुंगी चावते ना, तेवढं. मग संपलं."

आम्हां नर्सना "काही नाही होणार, बाळा" म्हणायची सवय. पहिल्याच दिवशी मी तसं म्हटलं, तेव्हा सुई बाजूला ठेवून ते माझ्याकडे वळले.

"सिस्टर, आता टोचलं की त्याला कळणार, ही बाई खोटारडी हाय. पुढच्या खेपेला तू औषधाची बाटली घेऊन येशील, तवा त्याला हेच आठवेल. मग घेईल काय तो औषध?"

त्यांनी एक नवी सुई काढली आणि आधी स्वतःच्याच डाव्या हाताचं बोट टोचलं. वर आलेला थेंब समोर धरून म्हणाले, "बघा रं, माझ्यापण अंगात लालच हाय. आता तुमचं बघू." भिंतीला चिकटून बसलेली अंगणवाडीतली पोरं हळूहळू पुढे सरकली. हे त्यांचं प्रत्येक गावात चाले. त्यामुळे त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं बारीक खडबडीत झाली होती. त्यांचं हिमोग्लोबिन जितक्या वेळा तपासलं गेलं, तितकं जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचं तपासलं गेलं नसेल. ते तेराच्या खाली कधी आलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

गजानन भोईर हे त्यांचं पूर्ण नाव. हुद्दा लॅब टेक्निशियन. पण कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या गावांत त्यांना रक्तवाले काका म्हणत. भिसेगावच्या पलीकडे त्यांचं घर आणि थोडी भाताची शेती. माणूस उंच, किडकिडीत, खांद्यात किंचित वाकलेला. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी कर्जतला आले, तेव्हा लहान मुलांच्या तपासणीच्या गाडीवर माझी नेमणूक झाली. गाडीत ड्रायव्हर, मी आणि काका. आठवड्यातले चार दिवस आम्ही गावोगावच्या अंगणवाड्यांत जात असू. मुलांची वजनं मी घ्यायची, उंची मी मोजायची आणि रक्त काका बघायचे. ते मला "सिस्टर" म्हणत आणि अरेतुरे करत, आणि या दोन्हींत काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नसे.

त्यांच्या पिशवीत कापूस, सुया आणि हिमोग्लोबिन मोजायचं छोटं यंत्र असे, आणि त्याशिवाय एक गरम पाण्याचा थर्मास. थंडीत मुलांचे हात गार पडतात, गार बोटातून थेंब येत नाही, मग लोक बोट पिळतात आणि पोर जास्त रडतं. म्हणून काका आधी पोराचे हात कोमट पाण्यात बुडवून घेत. पोरांना तो खेळच वाटे. पिशवीच्या तळाशी लिंबंही असत, त्यांच्या दारच्या झाडाची. ज्या मुलाचं रक्त कमी निघे, त्याच्या आईच्या हातात औषधाच्या बाटलीबरोबर एक लिंबू जाई. "डाळभातावर पिळा. डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगात शिरायला आंबट लागतं." हे लिंबू सरकारी नाही, असं एकदा एका बाईंना ते बजावून सांगत होते. बाईंना वाटलं होतं की दर महिन्याला मिळणार.

टोचण्याआधी ते मुलाचा तळहात बघत, जीभ बघत, खालची पापणी अलगद ओढून बघत आणि आकडा पुटपुटत. "नऊ-दोन." यंत्रावर नऊ-चार दिसे, कधी आठ-नऊ. फार फरक पडत नसे. लहान मुलांचं अकराच्या वर असायला हवं. मला म्हणत, "गालावर जाऊ नको. गाल फसवतो. आपली पोरं सावळी, रंगावरून काय कळत नाय. तळहात बघ, पापणी बघ."

पण त्यांचं खरं कसब होतं ते बोलण्यात. मुलाला काय खायला देता, असं आईला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "सगळं देतो." मी कागदावर "सर्व आहार" लिहून मोकळी होत असे. काका तसं विचारतच नसत. ते अंगणवाडीच्या पायरीवर बसत आणि म्हणत, "काल सकाळी हा उठला. तवा पहिलं काय दिलंत?" मग दुपारपर्यंत काय, दुपारी झोपून उठल्यावर काय, संध्याकाळी रडला तेव्हा काय. अशा चौकशीतून मुलाचा अख्खा दिवस बाहेर येई. कोणाला आठ महिने झाले तरी अंगावरच्या दुधाशिवाय काही सुरूच केलेलं नसे. कोणी दिवसभर बिस्किटांवर असे. त्यानंतर ते मुलाचे पाय बघत, चप्पल आहे की अनवाणी. गावाच्या मागच्या बाजूला लोक परसाकडे बसतात, तिथल्या ओल्या मातीतून बारीक जंत तळव्यातून आत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात, हे ते असं रंगवून सांगत की पोरं आपापले पाय वर उचलून धरत. आणि शेवटी ते आईकडे बघत. "आता तुमचा हात द्या." आई लाजून म्हणे, "माझा कशाला?" काका म्हणत, "याचं रक्त आलं कुठून? तुमच्याकडूनच ना? पोटात असताना तुमच्याकडंच नसेल तर हा कुठून आणणार?"

हे सगळं ऐकायला वेळ लागे. आमची गाडी नेहमी उशिरा परते आणि मग टायर पंक्चर होई.

कर्जतच्या पुढे एका गावात येसूआजी नावाची म्हातारी होती. तिचा दीड वर्षाचा नातू दर खेपेला आठाच्या आसपास निघायचा. औषध घरात, लिंबू घरात, जंताचं औषध देऊन झालेलं, आणि आकडा हलेना. सून दिवसभर एका फार्महाउसवर कामाला जायची, नातू आजीच्या ताब्यात. काकांनी आजीकडून नातवाचा दिवस काढून घेतला. सकाळी च्या आणि टोस्ट. दहा वाजता च्या. दुपारी सुक्या मासळीतल्या जवळ्याबरोबर भात, आणि भात उतरत नाही म्हणून त्याच्याबरोबर पुन्हा च्या. चार वाजता च्या.

"आजी, च्या बंद करा याचा," मी म्हणाले.

"बंद केला तं घर डोक्यावर घेतंय," आजी म्हणाली. "तुला काय जातंय सांगाया? तू निघून जाशील गाडीत बसून."

काकांनी मला डोळ्यांनी दटावलं. म्हणाले, "आजी, आज मला च्या देणार काय?" आजी खुलली. दोन कप आले, एक मोठा आणि एक नातवाचा, कान तुटलेला. काकांनी मोठा कप बाजूला ठेवला आणि नातवाचा कप उचलून पिऊन टाकला. पोर थक्क होऊन बघत राहिलं. आजी ओरडली, "अवो, त्याचा हाय तो!"

"म्हाईत हाय. याच्या वाटणीचा च्या आजपासून माझा. मी येईन तवा मी पिणार. मी नसेन तवा तुमी प्यायचा. जेवताना च्या घेतला की पोटात गेलेलं लोह तिथंच अडकतं आजी, अंगी लागत नाय. इतका भात भरवता, इतका सुका जवळा भरवता, सगळं फुकट जातंय. तुमची मेहनत फुकट जातेय."

आजीला "लोह" वगैरे काही लागलं नाही, "तुमची मेहनत" लागलं. त्यानंतर त्या रस्त्याने जाताना काका गाडी थांबवायला लावत, आणि नातू दारातूनच ओरडे, "च्यावाला आला!" स्वतःचा कप त्यानेच काकांना आणून द्यायचा, असा खेळ ठरून गेला. पावसाळा संपेपर्यंत तो दहाच्या वर गेला. आजीने गावात सांगितलं, की पोराला तिने स्वतःच्या अकलेने बरं केलं. काकांनी ते मान्य केलं. "बरोबरच हाय. मी नुसता च्या प्यायलो."

इतकं असताना काकांच्या स्वतःच्या घरात जे घडलं ते घडायला नको होतं. पण घडलं, आणि मी तिथे होते.

काकांची मुलगी सुनीता मोहोपाड्याला राहते. जावई तिथल्या एका कारखान्यात नोकरीला, राहायला कॉलनीतलं घर. त्यांची स्वरा ही काकांची एकुलती नात. गुबगुबीत आणि गोरीपान. मोबाइलवर तिचा फोटो काका प्रत्येक अंगणवाडीच्या ताईंना दाखवत. "आमच्या खानदानात असा रंग कोणाला नाय. लोण्याचा गोळा." तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला त्यांनी मलाही नेलं. त्या दिवशी आमचं काम जवळच होतं, म्हणून पिशवी गाडीतून उतरून सरळ तिच्या घरी आली.

केक कापायला अवकाश होता. कॉलनीतली पोरं काकांच्या पिशवीभोवती जमली आणि "आमचं बघा, आमचं बघा" करू लागली. काकांनी स्वतःचं बोट टोचून दाखवलं, दोन धीट पोरांचं रक्त बघितलं. अकरा-पाच, बारा. टाळ्या वाजल्या. स्वरा सोफ्यावर आडवी होऊन दुधाची बाटली पीत होती. वाढदिवस तिचा, पण खेळायला काही ती उठली नव्हती. मी सहज म्हटलं, "काका, हिचंही बघू या ना."

"हिला काय धाड भरलीय?" काका हसत म्हणाले. पण पोरांचा आग्रह झाला, तसे ते तिच्याशेजारी बसले. तिचा हात हातात घेतला आणि आकडा न पुटपुटताच टोचलं.

यंत्रावर सात-चार आलं.

काका म्हणाले, "यंत्रातली पट्टी खराब दिसते." दुसरी पट्टी, दुसरं बोट. सात-तीन. काकांनी यंत्र बंद केलं, चालू केलं, आणि स्वतःच्या बोटाचा थेंब लावला. तेरा-दोन. यंत्रात काही बिघाड नव्हता. मग त्यांनी स्वराचा तळहात उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बघत बसले. इतका पांढरा तळहात मीही क्वचितच पाहिला होता.

पाहुणे होते, केक होता, म्हणून त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी सुनीताला समोर बसवलं आणि तोच प्रश्न विचारला, जो ते गेली कित्येक वर्षं परक्या बायकांना विचारत होते. "काल सकाळी ही उठली. तवा पहिलं काय दिलंस?"

दूध. मग दूध. वरणभात पुढे केला, तिने थुंकून टाकला, म्हणून दूध. झोपताना दूध. दिवसाला दीड लिटर पिशवीचं दूध त्या पोरीच्या पोटात जात होतं आणि दुसऱ्या कशाला जागाच उरत नव्हती. दुधात लोह जवळपास नसतंच, उलट तेच जास्त झालं की इतर अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही. सुनीताला रडू कोसळलं. "बाबा, मी हिला काय कमी केलं?"

"कमी नाय केलंस गं," काका म्हणाले. "जास्त केलंस."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी लोकांच्या पोरांच्या पापण्या उलटत फिरलो, आणि हिच्या गालाचे मुके घेत बसलो."

दुसऱ्या दिवशी स्वराला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. औषध सुरू झालं, बाटली गेली, दूध दोन कपांवर आलं. पहिले चार दिवस पोरीने घर डोक्यावर घेतलं, पाचव्या दिवशी आईच्या ताटातली अंड्याची पोळी ओढून खाल्ली. काकांनी मला बजावलं, "सिस्टर, हे दवाखान्यात कोणाला बोलू नको." मी बोलले नाही. फोटो दाखवणंही त्यांनी बंद केलं.

हे सगळं लोकांना त्यांनी स्वतःच सांगितलं, दोन महिन्यांनी, बबनच्या ओटीवर.

बबन खालापूर तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावचा. भातशेती करून टेंपो चालवायचा. त्याची अडीच वर्षांची पिंकी अंगणवाडीत येतच नव्हती. "नुसती झोपून असते, उचलून आणली तरी बसत नाही," असं तिथल्या ताई म्हणाल्या, म्हणून आम्ही घरी गेलो. पिंकी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. पायात चप्पल नाही, तळवे मातीने भरलेले. बोटांनी भिंतीचा पोपडा काढून ती तोंडात घालत होती. आतून तिची आई कांता आली. सातव्या महिन्याचं पोट, कडेवर एक वर्षाचा मुलगा. तिने आल्या आल्या पिंकीच्या हातावर चापट मारली. "किती येळा सांगितलं, माती खाऊ नको!"

"मारू नका तिला," काका म्हणाले. "तिची खोड नाय ती. अंगातलं रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते. ती तरी काय करणार?"

कांताचा हात थांबला. ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "मीपण खाते. चुलीची."

काकांनी दोघींचं रक्त बघितलं. नेहमीसारखं त्यांनी पिंकीला सांगितलं, "दुखणार हाय हां." टोचलं. पिंकी रडली नाही. तिने हात मागेसुद्धा ओढला नाही, नुसतं बघितलं. त्या क्षणी काकांचा चेहरा उतरला. यंत्रावरचा आकडा त्यांनी नंतर बघितला. चार-सहा. कांताचं सात.

तेवढ्यात बबन जेवायला घरी आला. काकांनी त्याला सांगितलं, की दोघींना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं आणि पिंकीला रक्त चढवावं लागेल. बबन भडकला. समोर बायको, दारात शेजारी जमलेले. त्याला ते जिव्हारी लागलं असावं.

"म्हंजे मी बायकापोरांना उपाशी मारतो, असं सांगाया आलाय काय तुमी? दोन टाइम जेवतात ती. माझ्या घरात कायपण कमी नाय."

मी आहाराचं समजावायला तोंड उघडलं. काकांनी मला हातानेच थांबवलं. ते ओटीच्या कडेला बबनशेजारी बसले आणि मोबाइल काढला. स्वराचा जुना फोटो, गोरापान.

"ही माझी नात. कॉलनीत राहते. घरात फ्रीज भरलेला असतो. आणि हिचं रक्त सात निघालं. मी रक्तवाला, आणि माझ्या मांडीवर खेळणाऱ्या पोरीचं मला कळलं नाय. गोरी दिसते म्हणून मी खूश. ती गोरी नव्हती रं, पांढरी पडली होती." त्यांनी मोबाइल बबनच्या पुढे धरला. "तुझ्या घरात कमी हाय असं मी म्हणत नाय. पोरीच्या अंगात कमी हाय. आईच्या अंगात कमी, त्यात तीन पोरं एकामागोमाग एक, पायातून जंत गेले असतील. कोणाची चूक, ते आपण नंतर बसून भांडू. आता गाडीत बस."

बबनने फोटो हातात घेऊन नीट बघितला. "आता कशी हाय?" त्याने विचारलं.

"आता अंडी खाते आणि मला मारते."

बबन उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात घालायला लागला. मग त्याला शंका आली. "मला रक्त द्याया लागेल काय? मग टेंपो चालवाया ताकद राहील?" काकांनी तिथेच त्याचं बोट टोचलं. चौदा-दोन. "चौदा! माझ्यापेक्षा जास्त हाय तुझं. तू कसला घाबरतोस?" शेजारी हसले, बबनही हसला, आणि आम्ही निघालो. धाकट्याला शेजारणीने ठेवून घेतलं.

दवाखान्यापर्यंत काका पिंकीचं पाऊल हातात धरून बसले होते. ती दम लागल्यासारखा श्वास घेत होती. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. नंतर विचारलं तर म्हणाले, "श्वास मोजत होतो. देवाला त्रास कशाला?" डॉक्टरांनी तिला लगेच दाखल केलं. अजून आठवडाभर घरी राहिली असती तर काही सांगता आलं नसतं, म्हणाले. रक्तपेढीतून पिशवी आली, थेंब थेंब चढू लागली. बबनने तिथेच रक्त दिलं, आणि बाहेर येऊन दंड दाखवत म्हणाला, "कायपण झालं नाय." संध्याकाळी पिंकीने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा काका उठले आणि मला म्हणाले, "चल, उशीर झाला. साहेबांना काय सांगायचं?"

"टायर पंक्चर," मी म्हणाले.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. कांता बाळंत झाली होती, बाळ वजनाने चांगलं होतं, दोघी मायलेकींची औषधं चालू होती. चौथ्याची घाई नको, हे काकांनी बबनला बाजूला घेऊन, कान खाजवत, भाताच्या भावाबद्दल बोलत असल्यासारखं सांगितलं. पिंकी अंगणात होती, पायात लाल चपला. काकांनी पिशवी उघडलेली तिने पाहिली, आणि जी किंचाळत सुटली ती थेट घरामागच्या पडवीत. बबन तिला उचलून आणायला धावला. तिने त्याच्या हाताला चावा घेतला. काका अंगणात उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"पळाली! सिस्टर, बघितलंस? पळाली!"

त्या दिवशी तिचं रक्त बघायला अर्धा तास लागला. दहा-आठ.

नंतर स्वराची गोष्ट ते सगळीकडे सांगू लागले. आधी ती सांगत, मग बायकांना दिवस विचारत. पूर्वी बायका अंग चोरून उत्तरं देत, आता आपणहून बोलू लागल्या, "काका, मीपण तसंच करते." एकदा मी विचारलं, "काका, सारखं सारखं हे सांगताना वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं. आता नाय. आता ती माझी एकट्याची चूक राहिली नाय, वाटून टाकली."

पुढे ते निवृत्त झाले आणि माझी बदली खालापूरला झाली. फोनवर बोलणं होई. भेट व्हायला वर्ष गेलं.

त्या पावसाळ्यात मी एका कामासाठी कर्जतकडे निघाले होते. पाऊस उघडला होता, भातं पोटरीइतकी वाढलेली. त्यांच्या गावाजवळच्या मोरीच्या पुलावर मी स्कूटर हळू केली, कारण खाली ओढ्यात एक उंच माणूस लुंगी खोचून पाण्यात वाकलेला दिसला. दगड उचलत होता, खाली हात घालत होता, काही मिळालं की कमरेच्या पिशवीत टाकत होता आणि मोठ्यानं हसत होता. बरोबर कोणी नव्हतं. मी वरून हाक मारली.

"अरे सिस्टर!" काकांनी मान वर केली. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढी वाढलेली. "थांब, चिंबोऱ्या घेऊन जा! आज लय मिळाल्यात."

मी नको म्हणत होते, तोवर ते चढ चढून वर आलेही. प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-आठ खेकडे घालून त्यांनी तिला गाठ मारली. "तब्येत कशी आहे?" मी विचारलं. "झकास हाय. सकाळी शेत, दुपारी झोप, आणि पाणी उतरलं की हे. साहेब नाय, रजिस्टर नाय. एवढी वर्षं पोरांची बोटं धरली, आता चिंबोऱ्या माझी बोटं धरतात." स्वतःच्याच बोलण्यावर ते खूश झाले. मला घरी जेवायला थांब म्हणाले, मी पुढच्या वेळी म्हटलं. "बघ हां," म्हणाले, आणि मी स्कूटर सुरू करायच्या आतच परत उताराला लागले. त्यांना पाण्यात जायची घाई झाली होती.

पिशवी माझ्या पायांमध्ये खरखर वाजत होती. मोरी ओलांडल्यावर मी आरशात पाहिलं. ते ओढ्याच्या मधोमध उभे होते, पाठ माझ्याकडे. एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि खाली काय आहे ते बघायला वाकले.